पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसतात का?

परवा संध्याकाळी गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पाच घोडे एकामागे एक चाललेले पाहिले. दुसऱ्याचं नाक पहिल्या घोडीच्या शेपटीत, तिसऱ्याचं दुसऱ्याच्या. तिसऱ्यावरचा मुलगा एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून रील काढत होता. पुढच्या घोडीने कान मागे पाडले होते, शेपटी सारखी झटकत होती. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मी ओरडलो, "अरे, अंतर ठेवा!" तर उत्तर आलं, "काका, आमचे घोडे गरीब आहेत, लाथ मारत नाहीत."

हेच वाक्य मीही कित्येक वर्षं म्हणत आलो होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही सहा जण केरीहून निघालो होतो. अंजुणे धरणाच्या बाजूने, सुमारे २५ किलोमीटरची फेरी. एका व्हाळापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, पुढचा मित्र घोड्याला पाणी पाजायला थांबला. मी मागे वळून कुणाशी तरी सुपारीच्या भावाबद्दल बोलत होतो. माझी घोडी चंद्री आपली चालत राहिली आणि तिचं तोंड त्या घोड्याच्या पुठ्ठ्याला लागलं. त्याने दुगाणी झाडली. आवाज आधी आला, कळ नंतर. बूट काढला तेव्हा चामड्यावर नालेची अर्धी कड उमटली होती, एका खिळ्याच्या डोक्यासकट. नडगीला तडा, सहा आठवडे प्लास्टर. तीच लाथ वीतभर पुढे बसली असती तर चंद्रीच्या पायाची नळी गेली असती, आणि नळी मोडलेला घोडा बहुतेक वेळा वाचत नाही. त्या घोड्याने त्याआधी कधीही कुणाला लाथ मारली नव्हती.

त्याची चूक नव्हती, माझी होती. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. तिथे अचानक काही लागलं की तो विचार करत बसत नाही, पाय उचलतो. मागच्या घोड्याचीही तीच गत. तोंड पुढच्याच्या शेपटीला चिकटलं की त्याला वाटेवरचा दगड दिसत नाही आणि तो ठेचकाळतो. आपल्याकडे चिऱ्याच्या उतारावर बारीक खडी असते, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं. तिथे एक घसरला तर मागचा थेट त्याच्यावर.

अंतर मोजायला टेप नको. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर जमिनीवर टेकताना दिसले पाहिजेत. नुसती शेपटी दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. साध्या चालीत निदान एका घोड्याच्या लांबीचं अंतर, म्हणजे अडीच मीटर. दुडकीला दुप्पट, उतारावर त्याहून जास्त. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची रीत जगभर आहे आणि ती आपणही पाळावी. पण फीत नाही म्हणून जवळ जायला मोकळीक मिळत नाही.

आता पुढे चालणाऱ्यांबद्दल, कारण सगळं ओझं मागच्यावर टाकणं मला पटत नाही. व्हाळ ओलांडला की पहिला स्वार घोडा पिटाळतो, आणि शेवटचा अजून पाण्यात असतो. घोडा कळपातला प्राणी. सोबती दिसेनासे झाले की तो पाणी अर्धवट टाकून धावत सुटतो. आपल्या दमट हवेत घोड्याचा घाम वाळत नाही, अंग निवत नाही. त्यात पोटात पाणी कमी गेलं तर पुढे शूळ उठू शकतो. म्हणून शेवटच्या घोड्याने पाण्यातून तोंड वर काढेपर्यंत कुणीही हलायचं नाही. यावर मी हट्टी आहे आणि राहणार.

लांब पल्ल्याच्या स्पर्धांत मधल्या थांब्यांवर पशुवैद्य घोड्याचे ठोके मोजतात. मिनिटाला ६४ च्या खाली आल्याशिवाय सहसा पुढे सोडत नाहीत. विश्रांतीत हेच ठोके २८ ते ४४ असतात. सोबती पुढे निघून गेल्यामुळे बिथरलेल्या घोड्याचे ठोके लवकर उतरतच नाहीत. अमेरिकेत १९५५ पासून टेव्हिस कप होतो, १०० मैल, २४ तासांत. वेळेत आणि धडधाकट घोड्यानिशी पोचणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं, पहिल्यालाही आणि शेवटच्यालाही. मला ही पद्धत फार आवडते.

ओलांडून पुढे जायचं असेल तर आधी हाक द्या, "येतोय, उजवीकडून!" समोरून "या" आलं की चालीनेच जा. भरधाव नको.

शिगम्यात आमच्या डिचोलीला घोडेमोडणीचा नाच होतो. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशा टिपेला पोचलेला, तरी एकाचा घोडा दुसऱ्यावर आदळत नाही. लाकडाच्या घोड्याला आपण एवढं जपतो. जिवंत घोड्याच्या मागून चालताना मोबाईल खिशात ठेवायला काय हरकत आहे?

मोरजीच्या त्या मुलाला कुणी ओळखत असेल तर ही पोस्ट त्याला पाठवा. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही केरीहून निघतो. त्याने घोडा घेऊन यावं. त्याला पुढे घालून मी चंद्रीवर मागून येईन, अडीच मीटर सोडून.