बाघजानची आग पाणी मारून विझली असती?

आसामच्या बाघजानबद्दलचा तो मेसेज परत फिरतोय, की ऑइल इंडियाने गॅसची विहीर साडेपाच महिने जळत ठेवली, भरपूर पाणी मारलं असतं तर दोन दिवसांत विझली असती, आणि गॅस काय हवेत उडून जातो, जवळच्या तळ्याला त्याचं काय होणार.

पहिलं म्हणजे तारखा बघा. गॅस सुटला 27 मे 2020 ला, आग लागली 9 जूनला, म्हणजे मधले जवळपास दोन आठवडे आग नव्हतीच आणि तरी विहीर आवरत नव्हती. आगीत कंपनीचे दोन फायरमन गेले, त्यामुळे "जळत ठेवली" असं सहज लिहिलेलं वाचून खरंच राग येतो. नुसती ज्वाळा विझवून गॅस चालूच राहिला तर तो आजूबाजूच्या घरांत पसरणार आणि कुठेतरी परत ठिणगी मिळणार. पाण्याचे फवारे होतेच की, पण ते लोखंड आणि जवळ काम करणारी माणसं थंड ठेवायला.

मग विहिरीतच पाणी ओतायचं ना? इथेच खरी गोम आहे. विहीर साधारण 3,870 मीटर खोल, ती पाण्याने काठोकाठ भरलेली असली तर तळाशी हवेच्या 380 पट दाब पडतो. पण गॅस आत शिरला की वर येता येता तो फुगत जातो, वरचं पाणी बाहेर ढकलतो, तेवढं वजन कमी झालं की तळावरचा दाब उतरतो आणि आणखी गॅस शिरतो, असं ते वाढतच जातं. वरून ओतलेलं पाणी गॅसची धार परत भिरकावून देते. म्हणून पाइप खाली उतरवून तळाकडून जड मड, म्हणजे पाण्यापेक्षा जड चिखलासारखा द्रव, भरावा लागतो, आणि शेवटी कॅनडातून आणलेल्या स्नबिंग युनिटने (दाब असलेल्या विहिरीत जोर लावून पाइप घालणारं यंत्र) तेच केलं, 15 नोव्हेंबरला.

त्याआधी ऑगस्टमध्ये विहिरीवर झाकण बसलं होतं, पण तोंडाशीच गळती निघाली, मग गॅस बाजूला वळवून जाळावा लागला.

आणि तळं! या गॅसमध्ये कंडेन्सेट असतं, खाली दाबात आणि उष्णतेत ते वायूसारखं असतं, वर येऊन थंड झालं की तेल होऊन खाली पडतं. तेच मागुरी-मोटापुंग बीलच्या (बील म्हणजे तळं) पाण्यावर, गवतावर, लोकांच्या शेतांवर पडलं, आग लागायच्या आधीच. मासे मेले, गंगेच्या डॉल्फिनचं शव सापडलं. वर पाणी मारलं असतं तर ते तेल फक्त आणखी लांब वाहत गेलं असतं.