एक चष्मा, ४२ डोकी

आधीच सांगतो, मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही, शाळेतला प्रोजेक्टर अजून चालू आहे तो माझ्यामुळंच (बाकीच्यांना मी हात लावू देत नाही). तर झालं असं की एका संस्थेनं आमच्या शाळेला व्हीआर हेडसेट दिला, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा चष्मा, आत बघितलं की आपण भलत्याच जागी पोचलोय असं वाटतं. एक. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, मी पाचवीला परिसर अभ्यास शिकवतो आणि पहिलाच धडा सूर्यमालेचा, त्यामुळं हेडसर म्हणाले, "सर, तुम्ही तरुण आहात, तुम्हीच बघा." मी ४७ वर्षांचा आहे.

पहिला दिवस चार्जिंगला गेला. दुसरा अपडेटला, तोही माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, आख्ख्या दिवसाचा डेटा उडाला आणि घरी बायको म्हणते, रील बघत बसला असाल. तिसऱ्या दिवशी हिशोब मांडला. ४२ पोरं, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे १२६ मिनिटं. तास ३५ मिनिटांचा. बॅटरी जेमतेम दोन तास. शेवटच्या दोघांच्या नशिबी ग्रह नाहीच.

तरी लावलं. आत दोन भिंगं असतात, दोन डोळ्यांना जरा जरा वेगळी चित्रं दाखवतात आणि मेंदू ती जोडून खोलपणाचा भास तयार करतो, हे मी फळ्यावर झकास समजावलं, कुणी ऐकलं नाही. यंत्र अर्धा किलोचं, पोरांच्या मानेपेक्षा जड, पट्टा मोठ्या डोक्याचा, आणि केसांना चोपडून तेल, त्यामुळं दर तिसऱ्या पोरानंतर गुरूवर खोबरेल तेलाचा थर. मी रुमालानं ग्रह पुसत होतो.

खरी करमणूक मात्र बाहेरच्या ४१ जणांची. एकानं शनीची कडी धरायला हात मारला तो थेट महाराष्ट्राच्या नकाशावर, कोकण फाटलं. "ए बे, खाली बस की, शनी मागं आहे तुझ्या!" अशी कॉमेंट्री चालू. एक मुलगी आतून शांतपणे म्हणाली, "सर, ही कडी बर्फाची आणि दगडांची आहे ना, मग आजी ह्याला तेल का वाहते?" तेवढ्यात घंटा झाली. आयुष्यात घंटेचं इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या तासाला चक्कर सुरू झाली. डोळे म्हणतात आपण उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गप, बेंचवरच आहेस, आणि ह्या भांडणात बळी जातो पोटाचा. त्यात जून, पाऊस नाही, वर पत्रा तापलेला. तेवढ्यात हेडसर मोबाईल घेऊन आले, वरून लोकेशनसकट फोटो मागवला होता.

फोटो ग्रुपवर गेला. हेडसेट लावलेला पोरगा, दोन्ही हात वर, तोंड हे एवढं उघडं. वरून रिप्लाय आला, "विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचं कुतूहल बघा!" आणि खाली टाळ्यांचे अंगठ्यांचे ढीग. मी पण एक अंगठा टाकला. कुतूहल कसलं, फोटो काढल्यावर दुसऱ्या सेकंदाला सकाळची शेंगाचटणी आणि भाकरी माझ्या चपलेवर होती.