१८ बाय १२

हॅमॉकमध्ये, म्हणजे झाडांना टांगलेल्या झोळीत, झोपायची हौस स्वस्तात भागते. दोन झाडं, दोन पट्टे, की झालं काम. खर्चात पाडतं ते वरचं छप्पर. नागपूरकडच्या ऑगस्टमध्ये उघड्यावर झोपायचं तर ताडपत्री हवीच, आणि आमच्या बाळ्याचं म्हणणं, "लहान काहून घेता बे? तिरपा पाऊस आला तं?" मुद्दा बिनतोड होता. इतवारीतून १८ बाय १२ फुटांची निळी ताडपत्री घेतली. दुकानदाराने घडी बांधता बांधता विचारलं, "घरी लग्न हाय का?"

पेंच व्याघ्रप्रकल्पाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, पावसाळ्यात बंद असतो, आणि जंगलात विनापरवानगी मुक्काम ठोकणं म्हणजे वनखात्याचा पाहुणचार ओढवून घेणं. म्हणून रामटेकच्या पुढे, बाळ्याच्या मामाच्या शेताच्या धुऱ्यावरची (बांधावरची) सागाची झाडं नक्की केली.

व्हिडिओतला गोरा दोन झाडांमध्ये दोरी ताणतो, तिच्यावर ताडपत्री टाकतो, कोपरे खुंट्यांना बांधतो आणि वर कॉफी करतो. त्याच्याकडे काळी माती नसते. भिजलेल्या काळ्या मातीत खुंटी ठोकावी लागतच नाही, अंगठ्याने दाबली की आत. वारा नुसता खाकरला की बाहेर. दोन कोपरे सुटले आणि ताडपत्री फुगली. बाळ्या दोरीला लोंबकळत होता.

"सोड बे!"

"सोडू कसा? गेली तं शिवनीले जाईन!"

शिवनी मध्य प्रदेशात, पण सीमा जवळच आहे, त्यामुळे भीती अगदीच निराधार नव्हती.

शेवटी खुंट्यांचा नाद सोडून मिळेल त्या बुंध्याला दोऱ्या बांधल्या. ताडपत्री बसली, पण जवळजवळ सपाट. आता हिशेब पाहा. १८ बाय १२ फूट म्हणजे साधारण २० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी २० लिटर पाणी, म्हणजे ऑफिसातला अख्खा कॅन. नागपूरचा पाऊस मिलिमीटरवर कधी थांबतो? मध्यभागी पोट सुटलं, ते खाली खाली येत माझ्या नाकाशी पोचलं. दर दहा मिनिटांनी झोपल्या झोपल्या दोन्ही पायांनी ते वर ढकलायचं. पाणी एका बाजूने धो धो पडायचं. त्या बाजूला बाळ्या होता.

एक गोष्ट मात्र खरंच चालली. झाडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून अंथरुणात पाणी उतरतं. हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधला की ते तिथेच टपकून जातं. माझी पाठ कोरडी राहिली. पोटाचं काय ते वरून ठरत होतं.

मध्यरात्री टॉर्च घेऊन मामाचा सालदार आला. "काय करून राह्यले जी?" उत्तराची वाट न पाहता त्याने एका बाजूच्या दोऱ्या खाली बांधल्या, सगळं पाणी आपसूक वाहून गेलं. एका कोपऱ्याची रिंग फाटली होती, तिथे त्याने गोटा आत गुंडाळून वरून दोरी आवळली. दोन मिनिटांचं काम. मग हाताने ताडपत्री चाचपत म्हणाला, "मोठी चांगली हाये. कुटारावर टाकाले पायजे होती मले."

"घेऊन जा भाऊ," बाळ्या ओरडला, "आत्ताच घेऊन जा!"

आणि सालदाराने सोडायला सुरुवातही केली. मी अजून खालीच होतो.