मेन्टेनन्स वाढवायचं म्हटलं की सगळे गप्प

दरवर्षी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तेच. दुरुस्तीचा विषय निघतो, कोटेशन वाचलं जातं, आकडा ऐकून माना खाली जातात आणि विषय ढकलला जातो पुढच्या सभेवर. वीट आलाय आता!

जिन्यावरच्या स्लॅबचं प्लास्टर पडून गज उघडे पडलेत. हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतात. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या 2 ते 6 पट जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. त्या भेगांतून आणखी पाणी शिरतं. म्हणजे जितकं थांबू तितका खर्च वाढणार. तरी दरवेळी उत्तर एकच, "तूर्तास वरून पुट्टी मारून घेऊ." अहो, पुट्टीने गज वाचत नाहीत!

सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, विचारला तर खडखडाट. वर्षानुवर्षं मेन्टेनन्स कमी ठेवण्यातच धन्यता मानली, मग पैसे साठणार कुठून? आता एकदम मोठी वर्गणी काढली तर पेन्शनवर जगणाऱ्यांचे हाल होतात. त्यांची अडचण खरी आहे, त्यांना हप्ते द्यायलाच हवेत. डोकं फिरतं ते ऐपत असून थकबाकी ठेवणाऱ्यांमुळे. सभेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच! आणि तळमजल्यावरचे म्हणतात, गच्ची गळते ती वरच्यांची, आम्ही का भरायचं? अरे, इमारतीचे खांब सगळ्यांचेच आहेत ना?

त्या जिन्यातून लहान मुलं रोज ये-जा करतात. आधी थकबाकी वसूल करा, कमी पडेल तिथे कर्ज काढा, पण या वेळी ठराव केल्याशिवाय कुणी उठू नका.