बटण दाबलं म्हणजे फाइल पोचली असं नाही

वेबसाइटवरची पीडीएफ किती जणांनी डाउनलोड केली हे मोजायचं तर डाउनलोडच्या बटणावर थोडी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) लावा, आकडा मिळेल, असं एका लेखात म्हटलंय. त्यातून कळतं ते इतकंच, की कोणीतरी बटण दाबलं. शिवाय पीडीएफची थेट लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली की लोक तुमच्या पानावर येतच नाहीत, मग स्क्रिप्ट चालणार कशी? अ‍ॅड ब्लॉकर वापरणारे वेगळेच, त्यांच्याकडे ही स्क्रिप्ट अडवली जाऊ शकते.

म्हणून सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही) बघायलाच हवा. मात्र तिथल्या ओळी नुसत्या मोजू नका. मोठी पीडीएफ ब्राउझर अनेकदा तुकड्यातुकड्यांनी मागवतो, प्रत्येक तुकड्याची २०६ कोडची (म्हणजे ‘फाइलचा काही भागच पाठवला’) वेगळी नोंद होते, आणि एकाच वाचकाचे दहा वाचक दिसतात. एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर असेल तर लॉगच्या फॉरमॅटमध्ये रेंज हेडर (फाइलचा कोणता तुकडा मागितला ते सांगणारी ओळ) जोडून घ्या. मधल्या तुकड्यांच्या नोंदी सोडून द्या आणि एकाच आयपीवरून, त्याच ब्राउझरने काही मिनिटांत केलेल्या मागण्या एक धरा. बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) आधी गाळा, हे वेगळं सांगायला नको. तरीही हा अंदाजच राहतो, आणि अहवालात तो अंदाज म्हणूनच लिहावा असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या लिंकवरचे क्लिक मोजायला वाचकाला आधी तुमच्या पत्त्यावर आणून मग पुढे पाठवत, म्हणजे रीडायरेक्ट करत असाल तर ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) टाळा, ३०२ (तात्पुरतं) वापरा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग पुढचे क्लिक तुमच्यापर्यंत येतीलच असं नाही. आणि त्या रीडायरेक्टच्या पत्त्यात बाहेरच्या लिंकची पूर्ण यूआरएल घेऊ नका, डेटाबेसमधला तिचा क्रमांक घ्या. नाहीतर तुमच्या डोमेनच्या आडून कोणीही फसव्या लिंक पसरवू शकेल.