दाढेपेक्षा बोलणं जास्त लागतं

माझी आई आठ वर्षं दातांच्या दवाखान्याची पायरी चढली नाही. दाढ ठणकायला लागली की लवंग तेलाचा बोळा ठेवून रात्र काढायची. गेल्या पावसाळ्यात गाल सुजला, तेव्हा कुठे तयार झाली.

आठ वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिचे मिसरीने काळे पडलेले दात बघून चार पेशंटसमोर सुनावलं होतं, "शी! इतके दिवस काय करत होतात?" तेव्हा एका फिलिंगवर भागलं असतं. आता दोन दाढा काढाव्या लागल्या. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

भीतीने माणूस जायचं टाळतो, कीड खोल जाते, मग उपचारही मोठा आणि दुखरा होतो. त्यात सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तीच कळ जास्त लागते. म्हणून उशिरा आलेल्याला "नाटकं करू नका" म्हणणं मला अन्याय वाटतो. त्याला खरंच जास्त दुखत असतं.

या वेळच्या डॉक्टरबाई आधी स्टूल ओढून आईसमोर बसल्या. "मावशी, कशाची भीती वाटते?" आई म्हणाली, "सुईची नाही हो. तुम्ही ओरडाल त्याची."

मग त्यांनी सांगितलं, डावा हात वर केलात की मी थांबणार. आईने पहिल्यांदा हात वर केला तो दुखलं म्हणून नव्हे, खरंच थांबतात का ते बघायला. बाई थांबल्या. इंजेक्शननंतर थोडा वेळ छाती धडधडेल, ते भुलेतल्या अ‍ॅड्रेनालिनमुळे, हेही आधीच सांगितलं. नाहीतर आई तिथेच उठली असती.

मनाचा परिणाम जखमेवरही होतो. 1998 साली अमेरिकेत दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली होती, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत. परीक्षेच्या वेळी ती भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला.

भीती मोजायची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गुण 5 ते 25, आणि 19 किंवा त्याहून जास्त म्हणजे भीती फारच. भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात. केसपेपरसोबत ती प्रत्येकाच्या हातात का देत नाहीत?

मिसरीची डबी अजून घरात आहे. पण परवा तपासणीला गेल्यावर "दिवसातून दोनदा लावते" हे आईने डॉक्टरबाईंना स्वतःहून सांगितलं.