चिऊताईच्या काउंटरवर

बँकेच्या नोकरीतील ३४ वर्षांत संगणकीकरण, नोटाबंदी आणि अगणित ऑडिट यांतून मी सुखरूप बाहेर पडलो होतो. त्यामुळे साडेतीन ते पाच वर्षांच्या चौदा मुलांना दीड तास गुंतवून ठेवणे आपल्या आवाक्यातले आहे, असे मला वाटले, तर त्यात माझा फारसा दोष नाही.

माझी पत्नी बालवाडीची निवृत्त शिक्षिका. आमच्या सोसायटीच्या सभागृहात ती दर शनिवारी गोष्टीचा आणि हस्तकामाचा वर्ग घेते. तिचा पाय मुरगळला आणि वर्ग माझ्याकडे आला. पलंगावरून तिने सूचना दिल्या : गोष्ट एकच सांगायची, हस्तकाम त्याच गोष्टीतले घ्यायचे, आणि "अहो, माहिती देऊ नका." शेवटची सूचना मला अपमानास्पद वाटली, कारण माझी सगळी तयारी माहितीचीच होती.

मी बाजारातून डिंकाच्या बाटल्या आणि चकचकीत साहित्य आणू लागलो, तेव्हा तिने मला बोलता बोलता थेट डहाणूजवळच्या बोर्डी गावात नेऊन पोहोचवले. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी तेथे बालवाडी काढली, तेव्हा मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे असे आसपास मिळेल ते शिकवण्यासाठी वापरले. मुले येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवण्याची प्रथाही त्यांचीच. (आमच्या मुलांच्या बाबतीत ती अडचण नव्हती. ती पंधरा मिनिटे आधीच आली.) अशा रीतीने मी स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवत उभा राहिलो. लहानपणी पुस्तके बांधताना आम्ही खळीत मोरचूद घालत असू, म्हणजे कसर लागत नसे, तसा आताही घालू का, असे मी विचारताच आतून आवाज आला, "मोरचूद विष आहे हो! मुले खळ चाटतात." हे अतिशयोक्त वाटले. प्रत्यक्षात वर्गात एकाने पूर्ण बोट चाटून "यात साखर कमी आहे" असा अभिप्राय दिला.

गोष्ट चिऊ-काऊची होती. चित्रांचे पुस्तक मुलांकडे तोंड करून खांद्याशी धरायचे आणि आपण कडेने वाचायचे, ही रीत ज्याने शोधली त्याला बायफोकल चष्मा नसावा. जवळचे दिसण्याची काच खाली असल्यामुळे मला मान वर करून, तिरकी वळवून, एका डोळ्याने पुस्तकाकडे पाहावे लागत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, मी कावळा करून दाखवतो आहे.

"काऊचं घर शेणाचं," असे वाचताच पहिला प्रश्न आला, "आजोबा, शेण म्हणजे काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच एका चुणचुणीत मुलीने सांगून टाकले, "काऊ-डंग." सगळ्या वर्गाचे समाधान झाले. काऊचे घर काऊ-डंगचेच असणार, यात विचारण्यासारखे काय होते! यात गाय कोठे आहे हे समजावण्याचा मी प्रयत्न केला. पण गोष्टीत गाय नव्हती आणि कावळा होता, या मुद्द्यावर ती मुलगी ठाम राहिली. पुढे "चिऊचं घर मेणाचं" आले आणि ते उन्हाळ्यात वितळणार नाही का, अशी रास्त शंका निघाली. मला राहवले नाही. मधमाश्यांचे मेण ६० अंशांच्या पुढे वितळते आणि पुण्यात तेवढे तापमान होत नाही, हे मी तपशिलाने सांगितले. चार मुले आडवी झाली.

ती पुन्हा उठून बसली ती दाराशी. पावसात घर वाहून गेलेला काऊ म्हणतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि चिऊताई म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." मग अंगडे, मग टोपडे, मग तीट. हे वाचताना मला अस्वस्थ वाटू लागले, कारण हा संवाद माझ्या ओळखीचा होता. काउंटरच्या आतल्या बाजूने मी तो वर्षानुवर्षे म्हटला होता : थांबा, लिंक गेली आहे, थांबा, साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा, जेवणाची वेळ आहे. मुलांना मात्र नेमके तेवढेच हवे होते. एकूण पाच वेळा वाचन झाले आणि दर वेळी चिऊताईची कामे वाढत गेली. अखेरीस बाळाचे आधार कार्डही निघाले.

हस्तकामात कार्डशीटचे घर करायचे होते. एका मुलाचा कागद कापला न जाता कात्रीत नुसता दुमडत होता. मी त्याला तीन वेळा 'नीट धर' म्हणून बजावले. मग लक्षात आले की तो डावखुरा आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकींना घासतात, डाव्या हाताच्या दाबाने ती फाकतात. चूक कात्रीची होती आणि ओरडा त्याला बसला होता. मी माफी मागितली. त्याने कागद हातांनी फाडून सर्वांत मोठे दार केले. इतरांनीही तेच केले. चौदा घरांपैकी अकरांना भिंतीच नव्हत्या, केवळ दार होते.

साडेबाराला पालक आले आणि त्यांनी सभागृहाचे दार ठोठावले. ते कोणी आतून लावले, हे मला सांगता येणार नाही. माझे दोन्ही पंजे खळीने माखून कार्डशीटला चिकटलेले असल्यामुळे कडी काढणे मला शक्य नव्हते. बाहेरून कोणीतरी काळजीने विचारले, "काका, दार उघडता ना?" चौदा तोंडे माझ्याकडे वळली.

"थांबा," मी म्हणालो, "बाळाला तीट लावतो आहे."